दुसऱ्याच्या लूपरवर

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा चहाचा कप आधी खाली ठेवा.

मी एकटाच गिटार घेऊन गातो. सोबत लूपर असतो, पायाने दाबायचा डबा. एकदा दाबून वाजवायचं, पुन्हा दाबलं की तेच गोल गोल फिरत राहतं आणि त्यावर आपण गायचं. माझा माइकही त्यातूनच जातो.

त्या संध्याकाळी धरमपेठेतल्या कॅफेत दीपालीचे बाबा येणार होते. म्हणजे माझे होऊ घातलेले सासरे, मामाजी. नरखेडकडचे संत्रेवाले, जुन्या गाण्यांचे वेडे. दीपालीनं घरी सांगून ठेवलेलं, याला जुनी गाणी सगळी येतात! गाणं ऐकूनच ते लग्नाचं ठरवणार होते.

आणि नेमका दुपारी माझा लूपर मेला! मित्राचा, प्रशांतचा, मागून आणला. म्हटलं, लूपर तो लूपर, त्यात काय पाहायचं?

इथंच माती खाल्ली. माझ्या लूपरवर दुसऱ्यांदा दाबलं की रेकॉर्डिंग थांबतं. प्रशांतचा थांबत नाही, वरून आणखी थर चढवत जातो. मला काय माहीत?

मी ठेका वाजवला, दाबलं, ठेका फिरू लागला. टाळ्या पडल्या. त्या गडबडीत मी बाजूला उभ्या प्रशांतला म्हणालो, "मामाजीले सांगू नको गा, जुनं मले हे एकच गाणं येते!"

टाळ्या थांबल्या. आणि स्पीकरमधून ठेक्यासकट आवाज आला, "मले हे एकच गाणं येते!"

घाम फुटला हो! माझा लूपर दोनदा टकटक केलं की गप्प होतो. तसं केलं, तर हा पुन्हा रेकॉर्ड करू लागला!

"अबे, हे बंद काहून होत नाही?" मी ओरडलो.

"दाबून धर गा, दाबून!" प्रशांत माइकपाशी येऊन ओरडला.

झालं! माझी कबुली, माझी बोंब, प्रशांतची बोंब, सगळं तालात फिरू लागलं. लोक ठेका धरायला लागले. दीपालीनं तोंड ओढणीत लपवलं. शेवटी मी वायरच उपटली.

मामाजी उठले. वाटलं, निघाले नरखेडला. पण ते माझ्यासमोर आले.

"एकच येते ना? मंग तेवढं तं म्हण. थांबला काहून?"

नुसत्या गिटारवर गायलो. मामाजी डोळे मिटून ऐकत होते. जाताना दीपालीला म्हणाले, "पोरगा खोटं बोलाले जाते, पण जमत नाही त्याले. चालते."

लग्न झालं. आता सासरी गेलो की पान वाढायच्या आधी मामाजी विचारतात, "जावईबापू, दुसरं गाणं बसलं का?"

अजून नाही बसलं.