धाविक, तंबू आणि मावशीच्या शेळ्या

कळमनुरीच्या शाळेत शिकवता शिकवता, चाळिशी उलटल्यावर मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागला. लेन्स चांगली हातभर लांब होती. पण ती वर उचलली की पक्षी उडायचे. त्यामुळे माझ्याकडे पक्ष्यांच्या शेपट्यांचे फोटो भरपूर जमले होते.

मला धाविक हवा होता. टिटवीपेक्षा लहान, मातीच्या रंगाचा, डोळ्यावरून पांढरी पट्टी. चार पावलं पळतो आणि एकदम थबकतो. डोंगरकडा गावाच्या अलीकडे एका माळावर जोडी दुरून दिसली होती. लपून बसल्याशिवाय जमणार नाही, म्हणून मातकट कापड घेऊन मी माझ्या टेलर मित्राकडे गेलो आणि एका माणसापुरता तंबू शिवायला सांगितला.

"खिडकीला पायपिंग लावू, सर?"

"अरे, आत मी बसणार, बाहेर पाखरं. पायपिंग कुणाला दाखवायची?"

"पाखरं बघतीलच की. काम माझं हाय, बराबर दिसायला पायजे."

त्याने खिडकीच्या कडेने चॉकलेटी पायपिंगची गोट लावलीच.

रविवारी उजाडताच माळावर तंबू ठोकला. तो झुडपासारखा दिसावा म्हणून कडुलिंबाचे डहाळे सगळीकडून बांधले आणि आत मांडी घालून बसलो. दोन तास गेले. पायाला मुंग्या आल्या. धाविक लांबवर पळत होते, थबकत होते, आणि माझ्या झुडपाला टाळून बरोबर वळसा घालत होते.

मग तंबू हलला. आधी वाटलं वारा. पण वारा चावत नाही, आणि बाहेरून तर कराकरा चावण्याचा आवाज येत होता. मी खिडकीतून बघितलं. दोन पिवळे डोळे माझ्याकडे बघत होते आणि खालच्या तोंडात लिंबाचा डहाळा होता.

"हाड! हाड!" मी ओरडलो.

बाहेर कोणीतरी दचकलं. "अगं माय! झुडूप बोलून राहिलं!"

मी मुंडकं बाहेर काढलं. एक म्हातारी, डोक्यावर पदर, हातात काठी. मला नीट न्याहाळून ती म्हणाली, "सर हायेत का तुमी? माझा नातू तुमच्याच शाळंत हाय. काहून लपून राहिले? घरी कुणी बोललं का?"

"नाही हो मावशी. त्या पाखराचा फोटो काढायचाय."

"त्याच्यासाठी तंबू? ते तर माझ्या शेळ्यांच्या पायांत फिरून राहते. शेळ्या चालल्या की किडे उडतेत, ते टिपते. माणूस दडून बसला की भेते. तुमी आपलं शेळीवानी चाला."

शेळीसारखं कसं चालायचं ते मी विचारलं नाही. कळपाच्या मधोमध वाकून, लेन्स पोटाशी धरून, पुढे सरकू लागलो. मावशी मागून सूचना करत होती, "मान खाली घाला! घाई न्हाई करायची! मधी मधी थांबा!" एका बोकडाने मला एकदा ढुशी दिली, तेवढं सोडलं तर कळपाने मला सामावून घेतलं.

आणि धाविक आला. पळत पळत, माझ्यापासून दहा पावलांवर. थबकला. मान ताठ करून माझ्याकडे बघितलं. लेन्स वर न उचलता मी तशीच त्याच्याकडे वळवली. बटण आपोआप दाबलं गेलं.

मी मावशीला कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. तिने डोळे बारीक केले. "व्हय, हेच ते. एवढुशा पाखरासाठी एवढी तकलीफ! माझ्या शेळीचा काढा की एखादा."

मी लगेच काढला, आणि पुढच्या रविवारी छापून घेऊन गेलो. मावशीने तो उजेडात धरला, पुन्हा पुन्हा बघितला. मला वाटलं, भरून आलं असावं.

"फोटो लय झकास हाय, सर," ती म्हणाली. "पन ही शेळी माझी न्हाई. शेजारणीची हाय, माझ्यात मिसळती. आता हा तिला दाखवला तर ती वर्षभर मिरवंल."

तिने फोटो पदराखाली खोचला आणि मला कळपातल्या तिच्या शेळ्या एकेक करून ओळखायला लावल्या.