अस्सल जर्मन फिल्टर

मोटारीला तेलाची गाळणी असते ही गोष्ट मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळली. तोवर तिच्यावाचून माझं काहीही अडलं नव्हतं. कळल्यानंतर मात्र आठ दिवसांच्या आत एक जर्मन मोटार, एका सॉलिसिटरची अब्रू आणि माझं ठरत आलेलं लग्न, अशा तीन गोष्टी लालबागच्या भर रस्त्यात एकदमच बंद पडल्या.

दोष सगळा माझ्या नोकरीचा. मी तेव्हा एका विमा कंपनीत कारकून होतो, मोटार विभागात. म्हणजे मोटारींशी माझा संबंध यायचा तो त्या आपटल्यानंतर, आणि तोही कागदावर. ‘डावे मडगार्ड, चेपलेले, एक’ असं मी सुबक अक्षरात लिहीत असे. मडगार्ड कुठे असतं, हे विचारायची वेळ कधी आली नव्हती. पण ज्या गृहस्थांनी माझं स्थळ दादरला सामंतांकडे नेलं, त्यांनी ‘विमा कंपनी’ हे शब्द वगळले आणि ‘मुलगा मोटारीतला आहे’ एवढंच सांगितलं. (स्थळं अशीच सांगायची असतात. सगळं खरं सांगायचं ठरलं तर निम्मी मुंबई अविवाहित राहील!)

नानासाहेब सामंत हे हिंदू कॉलनीतले सॉलिसिटर. त्यांच्याकडे कुसुम नावाची एक मुलगी होती आणि मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली काळी जर्मन मोटार होती. बघायला आलेल्या मुलाने दोघींपैकी आधी कोणाला बघावं, याबद्दल नानासाहेबांच्या मनात काडीची शंका नव्हती. चहा यायच्या आत ते मला खाली घेऊन गेले.

“कशी वाटली?”

“नाकीडोळी नीटस आहे,” मी म्हणालो. (मुलीसाठी पाठ करून आलेलं वाक्य. ऐनवेळी दुसरं सुचेना!)

नानासाहेब खूश झाले. “हिचा ऑईल फिल्टर बदलायला झालाय, परब. आमचा मेकॅनिक बसवेल, पण माल अस्सल आणील याची मला खात्री नाही. हल्ली परदेशी वस्तू येतात कुठे? सगळी नक्कल! तुम्ही मोटारीतले. एक अस्सल जर्मन फिल्टर बघून आणा. फिल्टरवरून मला माणूस कळतो.”

“अहो, त्यात काय!” मी म्हणालो.

“आणि रविवारी तुम्हाला घेऊन गिरगावात जाऊ. आमचे थोरले बंधू भाईसाहेब तिथे असतात. त्यांनी हो म्हटलं की ठरलं. फक्त त्यांच्यासमोर राजकारण काढू नका.”

हे शेवटचं का, ते सांगायला हवं. त्या दिवसांत अवघी मुंबई ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ म्हणत होती. भाईसाहेब दोनदा तुरुंगात जाऊन आले होते. एकटे नानासाहेब मात्र ‘या प्रश्नाला दोन बाजू आहेत’ असं म्हणायचे, आणि दोन्ही बाजूंचे अशील सांभाळून होते. त्यापायी भाईसाहेबांनी सख्ख्या भावाशी बोलणं जवळजवळ टाकलं होतं.

वर आलो तर कुसुम पोहे घेऊन आली. माझ्याकडे बघून ती एवढंसं हसली आणि मी पार कामातून गेलो. खोटं कशाला सांगू, मला ती मुलगी फार आवडली. त्या क्षणी तिच्या वडिलांनी फिल्टरच काय, जर्मनी आणायला सांगितली असती तरी मी पिशवी घेऊन निघालो असतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ऑपेरा हाऊसपाशी मोटारीच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथे गेलो. दुकानदाराने विचारलं, “कौनसा मॉडेल, साब?”

“काळं,” मी म्हणालो.

त्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग “जर्मन आहे,” अशी मी मोलाची भर घातली. गिऱ्हाईक कोणत्या जातीचं आहे हे त्याला तेवढ्यावरून कळलं असावं, कारण त्याने माझ्यासमोर दोन फिल्टर ठेवले. एक निळ्या खोक्यातला, वर जर्मन अक्षरं, आत घड्या घातलेला कागद. दुसरा बिनखोक्याचा, जाड कापडी, चांगला दणकट.

“दोनो ले जाव. घरपे दिखाव. जो पसंद नही, वापस लाव.”

लुगडी पसंत करायला घरी नेतात तसे ते दोन फिल्टर घेऊन मी परळला चाळीत आलो. सगळा सत्यानाश झाला तो इथे! कारण आमच्या घरी माझे वडील होते, आणि वडिलांची तीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, गेली होती. परळमधल्या माणसाला एकवेळ देव कळत नसेल, पण कापड कळतं.

“ह्या रे काय?” बाबांनी निळ्या खोक्यातला फिल्टर हातात घेतला.

“फिल्टर. तेल गाळायचा.”

“कागदाचो? जर्मनांनी आगबोटी बुडयल्यानी, इमानां उडयल्यानी, आणि तेल गाळूक कागद? भिजलो काय फाटतलो!”

मग त्यांनी कापडी फिल्टर उचलला आणि त्यांचा चेहरा पालटला. दोन बोटांत कापड चोळून पाहिलं, उजेडात धरलं, ट्रंकेतून गिरणीचं घडीचं भिंग काढलं आणि एका इंचात उभे धागे किती, आडवे किती, ते मोजायला बसले. गॅलरीत गर्दी जमली. साचेखात्यातले आणखी चार जण आले आणि त्यांनीही मोजले. सूत कितव्या नंबरचं यावर दोन तट पडले. शेवटी आईने कंटाळून परीक्षाच घ्यायचं ठरवलं आणि दोन्हींवर खोबरेल ओतलं. कागदातून तेल सरसर खाली आलं. कापडातून एक थेंब यायला आमटीला फोडणी देऊन झाली.

“बघलंस?” आई म्हणाली. “ह्या पटापटा गाळता, म्हंजे कायच गाळणा नाय!”

निकाल एकमताने लागला. एकोणीस बिऱ्हाडांची चाळ, त्यातले दहा-बारा पुरुष कापडातले तज्ज्ञ. पण फिल्टरची लांबी-रुंदी काय आणि मोटारीच्या डब्याची काय, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मला वाटायला हवं होतं, पण मी मोटारीतला होतो ना!

उरला प्रश्न ‘अस्सल जर्मन’चा. तो मी डोकं लढवून सोडवला. कापडी फिल्टर उचलला आणि त्या निळ्या जर्मन खोक्यात घातला. तो दोन बोटं वर राहिला. झाकण लागेना. एखाद्या शहाण्या माणसाला इथे काहीतरी उमगलं असतं. मी वरून सुतळी बांधली.

रविवारी दुपारी दोन वाजता दादरला पोचलो तर मेकॅनिकचा पत्ता नाही. तो मोर्चाला गेला होता. लालबागहून चौपाटीवर सभेला जाणारा मोठा मोर्चा चारला निघायचा होता, आणि त्याआधी आपण पार व्हायचं असा नानासाहेबांचा बेत होता.

“मग तुम्हीच बसवा, परब,” नानासाहेब म्हणाले. “तुम्हाला काय, रोजचंच!”

रोजचंच! मी बाह्या सरसावल्या आणि बॉनेट कुठून उघडतं ते शोधू लागलो. ते कुसुमने उघडलं. फिल्टरचा डबाही तिनेच दाखवला, कारण मेकॅनिकला पाने देण्याचं काम लहानपणापासून तिचं. मी जुना फिल्टर काढला, नवा घातला आणि झाकण दाबलं. ते दोन बोटं वर राहिलं.

“अहो,” कुसुम हळूच म्हणाली, “माप जुळत नाहीये.”

“नवा आहे. बसेल मग अंगासरशी.”

“फिल्टर आहे की सदरा?”

मी तिच्याकडे चिंध्या मागितल्या. झाकणाच्या फटीत चिंध्या कोंबल्या, वरून तार आवळली आणि हात पुसत नानासाहेबांना म्हणालो, “हॅम्बुर्गचा माल आहे. बघायला नको!” कुसुम माझ्याकडे बघत होती. तिने तेव्हाच तोंड उघडलं असतं तर मी संपलो असतो. पण ती मागे आईशेजारी जाऊन बसली.

पुढे नानासाहेब आणि मी. मोटार निघाली. परळच्या आसपास नानासाहेबांच्या समोर एक लाल दिवा लागला.

“परब, हा दिवा कसला?”

आता ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द बोललो असतो तर मोटार वाचली असती. पण मोटारीतला माणूस असं कसं बोलेल?

“नवा फिल्टर बसला की लागतो,” मी म्हणालो. “जर्मन लोक फार शिस्तीचे. सगळं ठीक असल्याचं कळवतात.”

“वा!” नानासाहेब म्हणाले आणि त्यांनी वेग वाढवला.

मागे रस्त्यावर तेलाची एक काळीभोर धार दादरपासून आमच्या मागोमाग येत होती, हे नंतर कळलं. लालबागला पोचेपर्यंत इंजिन आधी कुरकुरलं, मग खणखणलं, मग आतून कोणीतरी घण घातल्यासारखा आवाज आला. नानासाहेबांनी घाबरून चाक गरकन वळवलं आणि मोटार भर रस्त्यात आडवी होऊन गप्प झाली.

तेवढ्यात मोर्चा आला. वेळेच्या आधी! (आयुष्यात एवढी एकच गोष्ट वेळेआधी आलेली मी पाहिली.) हजारो माणसं, झेंडे, लेझीम. सगळ्यांत पुढच्या माणसाने आडवी मोटार पाहिली, पाठीमागे तुंबलेल्या ट्रका पाहिल्या आणि तो आनंदाने ओरडला, “शाब्बास! साहेबांनी गाडी आडवी घालून रस्ता रोखला रे!”

पुढचं सगळं दोन मिनिटांत झालं. नानासाहेबांना बाहेर ओढलं, गुलाल लावला, गळ्यात हार घातला आणि चार जणांनी उचलून त्यांना मोटारीच्या टपावर उभं केलं. “बोला साहेब, बोला!”

नानासाहेबांनी चष्मा सारखा केला. “मित्रहो, या प्रश्नाला दोन...”

“झालाच पाहिजे!” लालबाग दणाणलं.

“मला एवढंच म्हणायचंय, की घटनेच्या दृष्टीने...”

“झालाच पाहिजे!”

“अहो, ऐकून तर घ्या, ते झालंच पाहिजे असं माझं...”

पुढचं ‘म्हणणं नाही’ कोणाला ऐकू गेलंच नाही. गर्जना, शिट्ट्या, टोप्या हवेत! टपावर एकटे उभे असलेले नानासाहेब चारी बाजूंनी येणाऱ्या त्या आवाजाकडे बघत राहिले. मग त्यांचं काय झालं देव जाणे, त्यांनीच मूठ वर केली आणि किंचाळले, “झालाच पाहिजे!” माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आत पदर तोंडाला लावला. रडत होत्या की हसत होत्या, मला आजही सांगता येणार नाही.

एवढ्यावर मी सुटलो असतो. पण मोर्चात साचेखातं होतं, आणि साचेखात्याच्या पुढे माझे वडील होते!

“अरे वसंता! तू हंय?” म्हणत ते आले, बॉनेट उघडलं, तेलाने थबथबलेल्या चिंध्या उपसल्या आणि डब्यातून तो फिल्टर बाहेर काढला. त्याचा धागाही उसवला नव्हता. त्यांनी तो उंच धरला. नानासाहेब नुकतेच खाली उतरत होते.

“बघलात सायबानु?” बाबा अभिमानाने म्हणाले. “ह्यो फिल्टर मिया पसंत केलंय! जर्मन कागदाचो होतो, तो घरी ठेवलो. ह्येचा कापाड बघा! मोटार मेली, पण कापाड जसाच्या तसा!”

नानासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मडगार्डकडे पाहिलं. (डावं होतं.) माझं लग्न मोडलं, हे मला त्या नजरेत स्वच्छ दिसलं. कुसुम खिडकीतून हे सगळं ऐकत होती. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

पण साचेखात्याने ‘आपल्या’ साहेबांची मोटार रस्त्यात सोडली नाही. “चला रे, हात लावा!” म्हणत शे-दीडशे माणसांनी पाळीपाळीने ती गिरगावापर्यंत ढकलत नेली. टपावर पुन्हा नानासाहेब, मागे मी घामाघूम ढकलतोय. भाईसाहेबांच्या घरासमोर पोचलो तेव्हा ते गॅलरीत उभे होते. हार घातलेला, गुलालाने माखलेला, घसा बसलेला धाकटा भाऊ पाहिला आणि ते म्हातारे गृहस्थ तीन जिने धावत खाली आले.

“नाना! तू?” म्हणून त्यांनी भावाला मिठी मारली. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. आता यावर ‘नाही हो, फिल्टर चुकला’ असं कोण सांगणार?

मग भाईसाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी काळाकुट्ट झालो होतो. “आणि हे कोण?”

नानासाहेबांनी गळ्यातला हार काढला. मग दात आवळून म्हणाले, “हे परब, कुसुमसाठी पाहिलेले. यांच्यामुळे मी इथवर असा आलो.”

“मग विचारतोस काय! मुलगी यांनाच द्यायची!”

जिन्यात नानासाहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं. “परब, भाऊ बोलला, आता मला मागे फिरता येत नाही. मुलगी देतो. पण एक अट. ती मोटारही तुम्हीच न्यायची. मला ती पुन्हा डोळ्यांसमोर नको.”

लग्न झालं. मोटार बैलगाडीला बांधून परळला आली आणि कायमची चाळीसमोर बसली. चाळीत सांगतात की परबांच्या वसंताला हुंड्यात जर्मन मोटार मिळाली. ती दंडात मिळाली, हे मी कोणाला सांगायला जात नाही. कुसुमला मात्र हे दंडाचं बोलणं मुळीच पटत नाही. ती म्हणते, शिक्षा तिला एकटीला झाली. मोटार काय, बंद पडून सुटली!