आठ किलोंचे चिप्स

परभणीकडच्या पालमला बदली होऊन आले, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी आठ किलो बटाट्यांचे चिप्स करायचं ठरवलं. का, हे नवऱ्याने तीनदा विचारलं. त्याला म्हटलं, विकतच्या पुड्यांत नुसती हवा असते. खरं कारण वेगळं होतं. महिनाभर मी गल्लीतल्या घराघरांत जाऊन सगळ्यांचे चिप्स वाळत घालून आले होते. कुठे पातेल्यांचा आवाज आला की मी पदर खोचून हजर. आता आपल्याकडे कोण येतं, ते मला बघायचं होतं. गल्लीत बौद्धांचं घर आमचं एकटंच. तोंडावर कुणी कधी वाकडं बोललं नव्हतं. पण माझ्या हातचं कुणी खाल्लंही नव्हतं. तशी वेळ आली नव्हती की येऊ दिली नव्हती, हे काही केल्या कळत नव्हतं.

पहाटे पाचला बटाटे सोलायला बसले. सहा वाजले, कुणी नाही. साडेसहाला नळावर बायकांचं हसणं ऐकू आलं, पण आमच्या दाराकडे कुणी वळलं नाही. मनात नाही नाही ते यायला लागलं. नवरा म्हणाला, "डोकं नको चालवू, किसणी चालव." मी त्याच्यावरच खेकसले आणि चकत्या पाडायला घेतल्या. तीन पाण्यांतून धुतल्या, तुरटीचा खडा फिरवला, मीठ घालून उकळत्या पाण्यात सोडल्या. इथे नवाच घोळ. एका घरी सांगितलं होतं, एक उकळी आली की काढा. दुसऱ्या घरी, चकती वाकली पाहिजे पण मोडली नाही पाहिजे. तिसरीकडे नुसतंच "अंदाजानं". माझी पहिली चकती मोडली, दुसरी वाकेना, तिसरी मी खाऊन टाकली आणि तरीही काही समजलं नाही. शेवटी पातेलं उतरवलं ते वैतागून.

गच्चीवर जुन्या साडीवर एकेक चकती पसरत होते, तोच शेजारच्या गच्चीवरून मावशी ओरडल्या. या मावशी साठीच्या, गल्लीतल्या सगळ्या वाळवणाच्या मुकादम.

"ओ बाई! एकट्याच करायलात का? सांगायचं न्हाई का?"

"मला वाटलं, येतात सगळ्या."

"अशा कशा येतेत? ज्याच्या घरी हाय त्यानं आदल्या सांजेला दारोदार सांगायचं असतंय. न सांगता कुणाच्या चुलीपाशी जावं का मानसानं?"

महिनाभर मी नेमकं तेच केलं होतं, आणि एकीनेही मला तसं जाणवू दिलं नव्हतं. हा त्यांचा चांगुलपणा होता की माझ्यापुरता वेगळा नियम, तेही उमगेना. मावशी मात्र आणखी दोघींना घेऊन आल्या आणि अर्ध्या तासात साडी भरली.

उन्हं कलायच्या आत चिप्स खडखडीत वाळले. मूठभर तळले. पांढरेशुभ्र फुलले. ताटली घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी एक चकती उचलली, उजेडात धरली आणि परत ठेवली.

"मला न्हाई चालायचं आज."

मी "बरं" म्हटलं. सकाळी माझ्या बटाट्यांत हात घालून बसलेली बाई! हात चालतो आणि तोंड चालत नाही? लय राग आला, आणि रागवायचा आपल्याला हक्क आहे का, हेही ठरेना.

"माझा गुरुवार हाय," त्या म्हणाल्या. "अळणी. मीठ चालत न्हाई."

असल्या सबबी मी लहानपणापासून ओळखते. पण ही सबब होती का? मावशींच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी ताटली घेऊन उंबऱ्यापर्यंत आले.

"अवो, थांबा की! कच्चे द्या दोन वाट्या. एकादशीला तळीन. औंदा माझे चिप्स लालच झाले."

उपवासाला माणूस वाटेल त्याच्या हातचं तोंडात घालत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. घरी येऊन वाटी शोधायला लागले, तर समोरची वाटी दिसेना. शेवटी अख्खा डबाच उचलून नेला.

"एवढे कशाला?" मावशी म्हणाल्या.

मी त्यांच्या दारात उभी राहून रडायला लागले होते.