शाळेच्या माथ्यावरचं पेंटहाऊस

ती घटना आठवली की आजही समोरच्या टेबलावर मूठ आपटावीशी वाटते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, घरचे म्हणतात जुनी प्रकरणं उगाळू नका. पण हे उगाळायलाच हवं. त्यात संतापण्यासारखं फार होतं, आणि त्यातला काही वाटा माझ्या स्वतःच्या नावावर आहे.

नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात माझी नेमणूक जात पडताळणी समितीच्या दक्षता पथकात झाली. आमच्या पोलीस खात्यात या जागेला कोणी विचारत नाही. धाड नाही, बंदोबस्त नाही, पेपरात फोटो नाही. राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्या मुलाच्या कागदांची खात्री पटली नाही, तर समिती ते प्रकरण आमच्याकडे चौकशीला देते. आम्ही गावात जबाब घ्यायचे आणि शाळेत जाऊन वाडवडिलांची नोंद मूळ जनरल रजिस्टरमध्ये आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. 'स्वतःच्या डोळ्यांनी' हे शब्द नियमातले आहेत, माझे नाहीत.

जळगावजवळच्या असोद्याच्या एका मुलीचं प्रकरण माझ्याकडे आलं. कुटुंब बौद्ध. वडील लहानपणीच वारलेले, आजोबांनी केळीच्या बागांत मजुरी करून तिला वाढवलेलं. पोरगी हुशार निघाली, धुळ्याला डॉक्टरकीला नंबर लागला. वैधता प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत दिलं नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. पुरावा लागतो पन्नास सालाआधीचा, आणि या घरात तसा कागद एकच होता. मुलीचे पणजोबा जळगावातल्या एका जुन्या दगडी शाळेत शिकले होते, त्या नोंदीचा हा उतारा. आजोबांनी तो तरुणपणी काढून ठेवलेला. उतारा खरा की बनावट, हे मूळ रजिस्टरशी ताडून बघायचं काम माझं.

मी शाळेवर गेलो. शाळा कुठली, तिथे आता फ्लॅट झाले होते. पट कमी झाल्याचं दाखवून संस्थेने शाळा बंद केली होती आणि वास्तू बिल्डरला दिली होती. बाहेरचा काळा दगड तसाच, कमानी तशाच, आत वर्गावर्गांचे फ्लॅट. फाटकावर हा मोठा फलक: 'ऐतिहासिक वास्तूत राहण्याचा मान. सर्वांत वरचे प्रशस्त पेंटहाऊस विक्रीस उपलब्ध.' लिफ्ट अजून बसायची होती.

संस्थेचे सचिव तळमजल्यावर, पूर्वीच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत बसत. पांढरे कपडे, कपाळावर गंध, बोलणं लोण्यासारखं. मला खुर्ची दिली, चहा मागवला, आलं घातलेला. रजिस्टरं मागितली तर हळहळले. "काय सांगू साहेब, सगळं दप्तर वाळवीने खाल्लं. आमचा जीव तुटला हो." लगेच लेटरहेडवर पत्र दिलं, सोबत दोन पंचांच्या सह्यांचा पंचनामाही जोडला. इतकी तयारी बघून मला संशय यायला हवा होता. मी चहा संपवला, पत्र घेतलं आणि निघालो. ऑफिसात बसून अहवाल टाइप केला: 'मूळ अभिलेख उपलब्ध नाही. नोंदीची खातरजमा होऊ शकली नाही.' सही तेवढी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मुलगी आणि तिचे आजोबा ऑफिसात आले. मी त्यांना सरळ सांगितलं की रजिस्टर नाही, उताऱ्याला आता किंमत नाही.

आजोबा उभेच होते. म्हणाले, "साहेब, कागद वाळवीनं खाल्ला म्हनता. तं माहा बाप काय जन्मलाच नव्हता का?"

मी म्हणालो, "आबा, माझ्या हातात काही नाही." सरकारी माणसाचं हे सगळ्यांत आवडतं वाक्य. पस्तीस वर्षांत ते मी किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे.

मुलगी रडली नाही. तिने विचारलं, "सर, तारखेला चार दिवस आहेत. तोवर अहवाल थांबवाल का?" मी हो म्हणालो, तेही तिला लवकर घालवावं म्हणून.

आणि तिने ते चार दिवस वाया घालवले नाहीत. शाळेचा जुना शिपाई पारोळ्याला राहतो एवढं तिच्या आजोबांना कुठून तरी कळलं. दोघं एस.टी.ने पारोळ्याला गेले. दप्तर कुठल्या खोलीत असायचं, हे त्याला विचारताना तिने मोबाइलवर शाळेचा फोटो शोधला. शाळेचा एकही फोटो सापडला नाही, सापडली ती पेंटहाऊसची जाहिरात. सोफा, झुंबर आणि मागे काचेच्या फळीवर लाल कापडात बांधलेल्या जाड वह्यांची रांग. तो बघताच म्हाताऱ्या शिपायाने मोबाइल तिच्या हातातून ओढूनच घेतला म्हणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो शिपाई माझ्यासमोर होता. सगळे त्याला नाना म्हणत. सत्तरी ओलांडलेली, पण आवाज खणखणीत. "साहेब, वाळवी बिळवी काही लागनी नही. बठ्ठं खोटं शे. मन्हा हातनी बांधणी शे ती." त्याच्या अहिराणीत याचा अर्थ सरळ होता: सगळं खोटं आहे, जाहिरातीतल्या त्या वह्यांची बांधणी माझ्या हातची.

मग त्याने सांगितलं ते ऐका. दर उन्हाळी सुट्टीत नाना सगळी रजिस्टरं शाळेच्या पटांगणात उन्हात पसरत असे, पानापानांत कडुलिंबाचा पाला घालत असे, फाटली तर लाल खारव्याचं कापड आणून पुन्हा शिवत असे. दसऱ्याच्या पूजेला प्रत्येक वहीच्या पाठीवर कुंकवाचं बोट लावत असे. हे काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला मात्र सरकार पगार देत होतं आणि मी चहा पिऊन परत आलो होतो.

त्याच दुपारी साध्या कपड्यांत मी गिऱ्हाईक म्हणून गेलो, नानांना थोरला भाऊ म्हणून सोबत घेतलं. विक्रीचा माणूस चटपटीत होता. तीन जिने चढवून आम्हाला वर नेलं. शाळेचा पूर्वीचा प्रार्थनेचा हॉल म्हणजे आता दिवाणखाना. नानांनी उंबऱ्याशी चपला काढल्या.

"राहू द्या हो काका, घाला," तो माणूस म्हणाला.

"आठे प्रार्थना व्हये, भाऊ," नाना म्हणाले, आणि अनवाणीच आत शिरले.

शाळेची पितळी घंटा दारूच्या बारवर टांगलेली. बाकं कापून चहाची टेबलं केलेली. विक्रीचा माणूस प्रत्येक वस्तूला 'ओरिजिनल' म्हणत होता. नाना तडक काचेच्या फळीपाशी गेले, एक रजिस्टर काढलं, उलटं केलं. पाठीवर कुंकवाचे डाग एकावर एक, किती दसऱ्यांचे कोण जाणे. त्यांनी ते उघडलं. आत थर्माकोल होता. शिवणीत अडकलेलं कडुलिंबाचं एक वाळकं पान खाली पडलं. नऊच्या नऊ रजिस्टरं तशीच, नुसती पुठ्ठ्याची कातडी.

मी ओळखपत्र काढलं, स्थानिक ठाण्याला फोन लावला, पंच बोलावले. पुठ्ठे जप्त झाले, फिर्याद नोंदली, आणि संध्याकाळच्या आत सचिव ठाण्यात हजर झाले. या वेळी चहा मी मागवला.

खोटं बोलणाऱ्या माणसाला अडवू नये, त्याला बोलू द्यावं. खरं बोलणारा दोन वाक्यांत थांबतो, खोटारडा सजावट करत बसतो. सचिवांनी वाळवीचं असं वर्णन केलं की जणू ती त्यांच्या नात्यातली होती. लाकडी कपाट कसं पोखरलं, मातीची घरं कशी वर चढली, हात लावताच भुगा कसा झाला. मी सगळा जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, सही घेतली. मग नानांना आत बोलावलं.

"नाना, दप्तराचं कपाट कसलं होतं?"

"लोखंडी, साहेब. आजबी पार्किंगमा पडेल शे. देखी ल्या."

सचिवांनी गंध पुसल्यासारखं कपाळ पुसलं. मग आवाज खाली आणून, जणू मला विश्वासात घेत, म्हणाले, "साहेब, पानं फेकली नाहीत आम्ही. वापरलीत. वर पाहुण्यांच्या बाथरूममध्ये भिंतीला लावलीत. जुन्या अक्षराचा लूक फार छान येतो."

मी विचारलं, "आणि वाळवीचं पत्र कशाला?"

"उतारे मागायला खेड्यापाड्यांतून रोज माणसं यायची हो. फाटकाशी बसून राहायची. गिऱ्हाइकांपुढे बरं दिसत नव्हतं."

माझा हात उठला होता. तो पडला नाही याचं श्रेय पस्तीस वर्षांच्या सवयीला, मला नाही. लबाडी पोटासाठी केलेली पाहिली, सुडासाठी केलेली पाहिली, पण माणसांच्या अस्तित्वाचा पुरावा फाडायचा, का, तर ती माणसं फाटकाशी बरी दिसत नव्हती!

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्याच दिवशी सकाळी, आम्ही त्या बाथरूममध्ये होतो. मी, नाना, मुलगी, आजोबा, दोन पंच. समितीच्या अधिकारी बाई मी कळवल्यावर स्वतः आल्या, मूळ नोंद डोळ्यांनी बघितल्याशिवाय निर्णय देणार नाही म्हणाल्या. बाईंनी नियम पाळला, मी पाळला नव्हता. खालपासून छतापर्यंत पानंच पानं, वरून लाखेसारखा चकचकीत थर. काही उलटी चिकटवलेली, काही नळासाठी मधोमध भोक पाडलेली. शेकडो पोरांची नावं, गावं, जन्मतारखा, आणि खाली कमोड. मुलगी स्टुलावर चढून एकेक ओळ वाचत होती. उताऱ्यावरचा नोंद क्रमांक तिला पाठ होता. दुपार झाली तरी सापडेना. त्या क्रमांकाच्या आधीचं पान सापडलं, नंतरचं सापडलं, मधलं नाही.

नाना म्हणाले, "आरसा काढा."

आरशाचे चार स्क्रू काढले. मागे ते पान होतं. एक स्क्रू कागदातून आरपार गेला होता, पण ओळ शाबूत होती. नाव, बापाचं नाव, गाव असोदे, जात, प्रवेशाची तारीख. उताऱ्याशी अक्षर न् अक्षर जुळलं. शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात मास्तरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'ओट्यावर बसतो.'

ते मी मोठ्याने वाचलं आणि वाचल्यावर ओशाळलो. आजोबा पुढे झाले, पानावर हात ठेवला. "आत बसू देत नव्हते माह्या बापाले," ते म्हणाले. "असोद्याहून पायी यायचा अन् ओट्यावरून शिकायचा. आत आनला तं कुठं आनला पहा!"

अधिकारी बाईंनी तिथेच वॉशबेसिनच्या कडेवर कागद ठेवून पडताळणीचा शेरा लिहिला. संध्याकाळी पाचच्या आत मुलीच्या हातात प्रमाणपत्र पडलं. तिला जागा मिळाली. आज ती शेवटच्या वर्षाला आहे, दिवाळीला फोन करते.

सचिवांना जामीन मिळाला. खटला चालू आहे. गावात त्यांचे सत्कारही चालू आहेत. भिंत न्यायालयाच्या आदेशाने तशीच ठेवली आहे, तिचे फोटो काढून शेकडो घरांना उतारे देण्याचं काम नानांनी अर्ज करून करून सुरू करायला लावलं. मध्यंतरी त्या विक्रीच्या माणसाचा मला फोन आला होता. एक पार्टी तयार आहे, म्हणाला, भिंत कधी मोकळी होईल? मी जे उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही.

सही न केलेला तो अहवाल मी फाडला नाही. घरी कपाटात ठेवला आहे. 'मूळ अभिलेख उपलब्ध नाही.' वाक्य नियमाला धरून आहे, व्याकरणात चूक नाही. त्या दिवशी मुलीने मुदत मागितली नसती तर मी त्याखाली सही करून जेवायला गेलो असतो, आणि पुढे निवृत्त होताना स्वच्छ सेवेबद्दल शाल-श्रीफळही घेतलं असतं. सचिवांवर मी अजून चिडतो, पण त्यांनी रजिस्टर लपवलंही नव्हतं. जाहिरातीत छापलं होतं. मी खाली बसून चहा पीत होतो, तेव्हा ते माझ्या डोक्यावर तीन जिने वर होतं, आणि मी चढलो नव्हतो.