गोठ्यातली शिंक

ती घटना आजही मनातून गेलेली नाही. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात दोन ओळींपलीकडे तिला जागाही मिळाली नाही. तरी नोकरीत भेटलेल्या माणसांपैकी कुणाचे आभार मानायचे राहिलेत असा विचार केला की मला त्या गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या आक्का दिसतात. म्हणून हे लिहीत आहे. नावं कुणाचीच देत नाही. ती माणसं अजून त्याच गावात नांदत आहेत.

मी खानापूर तालुक्यातल्या, गुंजीजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात पदवी घेणारा पहिला. शाळा सगळी मराठीत झाली आणि नोकरी लागली कर्नाटक पोलिसांत. कन्नड बोलता येत होतं, पण केस डायरी लिहिण्याइतकं नाही. ते मला आमच्या ठाण्यातल्या हेडकॉन्स्टेबलनी शिकवलं. ते चिकोडीकडचे, कन्नड घरातले, वयाने माझ्याहून मोठे. चूक दाखवताना कधी चारचौघांत दाखवली नाही, हे त्यांचे उपकार मी विसरत नाही.

सबइन्स्पेक्टर म्हणून निपाणी भागात माझी नुकतीच बदली झाली होती. गाव तंबाखूचं. वखारींच्या रस्त्याने जीप गेली की मला शिंकांवर शिंका यायच्या. आमच्या खानापूरकडच्या जंगलाच्या हवेत वाढलेलं नाक ते. सकाळी हजेरी घेताना मी शिंकलो की शिपाई खाली मान घालून हसायचे. हेडकॉन्स्टेबल म्हणायचे, "साहेब, निपाणी अजून तुमच्या नाकात बसली न्हाय बघा. आमाला तर वासच येत न्हाय."

त्या दिवशी हजेरी चालू असतानाच जवळच्या एका गावातून फोन आला. गोठ्यात कालवडी पटापट पडायला लागल्यात, कुणीतरी विष घातलंय, लवकर या.

आम्ही पोचलो तेव्हा पशुवैद्य आलेले होते, पण उशीर झाला होता. चांगल्या पोसलेल्या कालवडी ओळीने आडव्या पडल्या होत्या. तोंडाला फेस, पाय ताठ. एक अजून थरथरत होती. ती आमच्यासमोर गेली. कोपऱ्यात बांधलेली एक लाल कालवड तेवढी उभी होती आणि मान वळवून बाकीच्यांकडे बघत होती. मी शेतकऱ्याच्या घरातला. माणसांची प्रेतं मी पाहिली होती, पण त्या गोठ्यात मला पंचनामा सांगायला शब्द सुचेनात.

गोठा होता आप्पांचा. आप्पा म्हणजे पन्नाशी ओलांडलेले, गावात वजन असलेले शेतकरी. त्यांचा या धंद्यात एक भागीदार होता, तरणा, पूर्वी टेम्पो चालवायचा म्हणून गावात सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणायचे. जागा, गोठा आणि चारा आप्पांचा. ड्रायव्हरने आपला टेम्पो विकून लहान कालवडी आणल्या होत्या. त्या वाढवायच्या, गाभण राहिल्या की विकायच्या आणि आलेलं अर्धंअर्धं वाटून घ्यायचं, असा तोंडी करार. ड्रायव्हरच्या आईवडिलांनी याच गावात दुसऱ्यांच्या शेतात जन्म काढला होता. त्यांचा मुलगा आप्पांच्या बरोबरीने भागीदार झाला, हे गावातल्या काहींना आधीच रुचलेलं नव्हतं.

करार बिघडला तो विकण्यावरून. ड्रायव्हरला कालवडी लगेच विकून दुसरी जनावरं आणायची होती, आप्पांना थांबायचं होतं. बाजारात भर गर्दीत दोघांची जुंपली. त्यात ड्रायव्हर बोलून गेला, "मला न्हाय मिळाली तर ही जनावरं कुणालाच मिळू देणार न्हाय!" हे वाक्य अर्ध्या तालुक्याने ऐकलं होतं.

आप्पांनी फिर्याद दिली ती सरळ त्याच्या नावाने. वर म्हणाले, "आणि पुरावा काय पायजे साहेब? ती लाल बघा. त्याची लाडकी. तेवढीच कशी वाचली?"

दुपारपर्यंत आणखी भर पडली. बसस्टँडजवळ चहाचा गाडा चालवणारा एक माणूस आम्हाला अधूनमधून खबर द्यायचा. त्याने सांगितलं, ड्रायव्हरने आदल्याच आठवड्यात निपाणीच्या दुकानातून विषारी औषधाची बाटली नेली होती. दुकानदारानेही ते कबूल केलं. आणि आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरला गोठ्यातून बाहेर पडताना शेजाऱ्यांनी पाहिलं होतं. हेतू, धमकी, बाटली, हजेरी. पोलिसाला यापेक्षा जास्त काय लागतं?

आम्ही त्याला चौकशीला आणलं. ठाण्यात आणलेला माणूस पहिल्यांदा काय विचारतो, याकडे मी नेहमी लक्ष देतो. कुणी फोन मागतो, कुणी वकील, कुणी पाणी. हा म्हणाला, "साहेब, लाल उभी हाय न्हवं?"

"तीच कशी वाचली, ते तू सांग," मी म्हणालो.

"तिला ताप हुता. म्हणून तर गेलतो मी सांजचं. भांडण आप्पाशी हाय, तिच्याशी न्हाय. गुळवेलीचा काढा पाजला आन् आलो. भरड्याला तिनं तोंडबी लावलं नव्हतं."

"आणि बाटली?"

"गोचडाची साहेब! अर्धी फवारलीया. घरला चला, दावतो."

"मग बाजारात ते बोललास कशाला?"

त्याने मान खाली घातली. "बोललो. राग आलता. लई बोललो."

बाटली घरी सापडली, अर्धी वापरलेली. पण अर्धी कुठे वापरली, हे बाटली सांगत नाही. बाहेर गावकरी जमले होते. त्यातला एकजण मोठ्याने म्हणाला, "ह्यांच्यासंगं धंदा करू नको म्हणून आप्पाला मी आधीच सांगितलं हुतं!" ड्रायव्हरने ते आतून ऐकलं. तो उठून जरा आत सरकून बसला. एकदा अटक दाखवली असती, तर नंतर तो सुटला असता तरी त्या गावात त्याला जनावर सोडा, कुत्रंही कुणी सांभाळायला दिलं नसतं. हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

माझं घोडं एका गोष्टीवर अडलं होतं. पशुवैद्य मला बाजूला घेऊन म्हणाले होते की फवारणीच्या औषधाचा एक उग्र वास असतो, पोट उघडलं की तो येतो. इथे तसा आला नाही. पोटातले नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेला पाठवले होते; अहवाल यायला वेळ लागणार होता. आणि लाल कालवड खरंच खात नसेल, तर विष खाण्यातच होतं. मग ते खाणं आलं कुठून, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

मी हेडकॉन्स्टेबलना म्हणालो, "अटक थांबवा. पुन्हा गोठ्यावर जाऊ."

आप्पांना ते आवडलं नाही, पण त्यांनी अडवलं नाही. गोठ्याला लागून चाऱ्याची खोली होती. एका बाजूला कडबा, दुसऱ्या बाजूला मक्याच्या भरड्याची पोती. मी एका उघड्या पोत्यात हात घातला, मूठभर भरडा नाकाजवळ नेला, आणि शिंकलो. पुन्हा शिंकलो. डोळ्यांना पाणी आलं.

हेडकॉन्स्टेबल सवयीने हसले. "काय साहेब! इथं कुठनं आली आता तंबाखू?"

आणि बोलता बोलता तेच थांबले. माझ्याकडे बघायला लागले.

आप्पा म्हणाले, "आमच्यात तंबाखू न्हाय साहेब. ह्यो गोठा हाय."

आम्ही पोतं रिकामं केलं. तळाशी आणि शिवणीत तपकिरी चुरा साचला होता. पोतं वखारीतलं होतं. या भागात वखारीतली रिकामी पोती घरोघर वापरतात. कुणी त्यात गोवऱ्या भरतं, कुणी भुसा. झटकून, धुवून, वाळवून घेतलं की झालं. त्यात नवल काहीच नव्हतं, म्हणूनच कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. सगळ्या गावालाच तो वास, मग खोलीतला वेगळा कसा कळणार?

दारात आक्का उभ्या होत्या, आप्पांच्या पत्नी. त्या दिवसभर कुणाशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी ते पोतं पाहिलं आणि चौकटीला हात लावला.

"त्यात मीच भरलंय," त्या म्हणाल्या.

आप्पा गरजले, "तू आत जा!"

"आत जाऊन काय करू? तिथंबी हेच दिसणाराय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गिरणीचं पोतं परत द्यायचं हुतं साहेब. भावाच्या वखारीतनं रिकामी पोती आलती. धुवायची राहिली. मी तशीच भरली. आन् कालवडी त्वांड वाकडं करायला लागल्या, तर मला वाटलं मका नवा हाय म्हणून खाईनात. म्हणून..."

"म्हणून काय, आक्का?"

"गुळाचं पाणी घातलं वर. मग लाल सोडून सगळ्यांनी खाल्लं."

त्या स्वतःचे तळहात बघत म्हणाल्या, "पोरपणापासनं विड्या वळल्या मी. माझ्या हातालाच ह्यो वास. पोत्याचा मला कसा कळंल?"

मला एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायची आहे. त्या गप्प राहिल्या असत्या तर? पोतं वखारीतलं आहे एवढंच मला कळलं होतं. ते भरलं कुणी, चुरा मुद्दाम मिसळला का, हे मला कळलं नसतं. संशय ड्रायव्हरवरच राहिला असता. तंबाखूचा चुरा तर निपाणीत कुणालाही मिळतो. त्यांचा नवरा भर गावात त्याच्यावर आरोप करून मोकळा झाला होता. त्या बोलल्या तर नवरा गावासमोर खोटा पडणार होता. हे सगळं त्यांना उभ्या जागी कळलं होतं, आणि तरी त्या बोलल्या.

पोतं पंचांसमक्ष सील केलं. आक्का म्हणाल्या, जबाब ठाण्यात येऊनच देते. आप्पा आले नाहीत. जीपमध्ये त्या पदर घट्ट धरून बसल्या होत्या.

ठाण्यात ड्रायव्हर बाकावर होता. आक्का माझ्या टेबलाकडे न येता आधी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुझी जनावरं माझ्या हातानं गेली रं," त्या म्हणाल्या. "तुला हितं बसवलं आमी."

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "आक्का, लालला पाणी दावलं का कुणी? तापातनं उठलीया ती."

आक्का तिथेच खाली बसल्या आणि रडल्या. आमचा स्टेशन रायटर, जो कुणाच्या रडण्याने लिहायचा थांबत नसे, तो पेन ठेवून बाहेर गेला.

ड्रायव्हर त्याच संध्याकाळी घरी गेला. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला: तंबाखूतलं विष, निकोटिन. गुन्हा घडलाच नव्हता, झाला तो अपघात, असा प्रकरण बंद करण्याचा 'बी' रिपोर्ट मी कोर्टात पाठवला. तो मी स्वतः कन्नडमध्ये लिहिला. हेडकॉन्स्टेबलनी वाचला आणि पहिल्यांदाच एकही अक्षर न खोडता परत दिला.

पुढे निपाणीहून बदलीने गेल्यावर नव्या ठाण्यात पहिल्या महिन्यात मी हद्दीत पायी फिरायचो. नवीन आलेल्या शिपायाला विचारायचो, "तुला इथं काय वेगळं वाटतंय, सांग. सवय होण्याआधी सांग." त्यातून पुष्कळदा उपयोगाचं काही निघालं. हे मी निपाणीत शिकलो. पण त्याहून मोठं जे शिकलो ते शिंकेने शिकवलं नाही. पुरावा माणसाला अडकवू शकतो किंवा सोडवू शकतो. पण सुटलेल्या माणसाला गावात पुन्हा ताठ मानेने चालता यावं, एवढी ताकद पोलिसाच्या कागदात नसते. ती त्या दिवशी आक्कांच्या शब्दात होती. मी केवळ तो शब्द लिहून घेणारा होतो आणि तो लिहून घ्यायला मी तिथे होतो, याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

आप्पा आणि ड्रायव्हर बरेच दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, असं कानावर यायचं. पुढच्या वर्षी, माझ्या बदलीचा हुकूम आल्यानंतर पण मी निपाणी सोडण्याआधी, एका सकाळी ठाण्याच्या आवारात एक मोटारसायकल आली. पुढे ड्रायव्हर होता. मागे आप्पा बसले होते, दोन्ही हातांत स्टीलचा डबा सांभाळत. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ते ड्रायव्हरला शिव्या देत आले असावेत, कारण उतरतानाही देत होते.

"खरवस हाय साहेब," आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. "लाल व्याली. हिनं सांगितलं, पयला डबा ठाण्यात द्या."

डबा उघडला. वेलदोड्याचा आणि ताज्या चिकाचा वास आला. हजेरीला उभे असलेले सगळे शिपाई जवळ आले. हेडकॉन्स्टेबल माझ्याकडे बघत होते, मी शिंकतो की काय म्हणून. मला शिंक आली नाही. फक्त डोळ्यांना पाणी आलं, आणि त्या वेळी कुणी हसलं नाही.