मिक्सरअक्काची खोली

बंगळुरूतल्या हेब्बाळच्या जुन्या वस्तीत वसुमतीला तिच्या नावाने हाक मारणारे फार थोडे. भाजीवाल्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळे तिला मिक्सरअक्का म्हणतात आणि तिला त्याचा राग येत नाही. उलट कोणी 'मॅडम' म्हणालं तर ती मागे वळून बघते, आपल्यामागे कोण उभं आहे म्हणून.

सव्वीस वर्षं ती मल्लेश्वरमच्या एका दुकानासाठी डेमो देत असे. दुकानातून कोणी मिक्सर, ग्राइंडर नाहीतर ओव्हन घेतला की दोन दिवसांत वसुमती बस बदलत त्या घरी पोचायची आणि ते यंत्र कसं वापरायचं ते करून दाखवायची. खांद्याला पिशवी, पिशवीत डब्यात भिजवलेले तांदूळ, मूठभर सुकं खोबरं आणि वीज तपासायचा टेस्टर. घर बघून ती भाषा बदलायची. कन्नड घरात 'स्वल्प नीरु हाकी', म्हणजे थोडं पाणी घाला, तर पुण्याहून नव्याने आलेल्या मुलींशी मराठी. तिने शिकवलेली बाई पुन्हा दुकानात तक्रार घेऊन गेली, असं फारसं कधी झालं नाही. हे ती स्वतः सांगते आणि सांगताना मान जराही खाली घालत नाही.

डेमोवाली बसत नाही, हा त्या धंद्याचा न लिहिलेला नियम. ओट्याशी उभं राहायचं, काम दाखवायचं, भांडी धुऊन द्यायची आणि निघायचं. सव्वीस वर्षांत तिने या शहरातली जेवढी स्वयंपाकघरं पाहिली असतील तेवढी कुठल्या नगरसेवकाने घरं पाहिली नसतील, पण त्यातल्या बहुतेकांत तिला खुर्ची कुठे ठेवलेली असते तेही माहीत नव्हतं.

एकदा मात्र त्या ओट्याशी उभं राहणं तिला जड गेलं होतं. शार्दूल, तिचा मुलगा, तेव्हा बारा वर्षांचा. गंगानगरातल्या एका घरी ती डेमोला गेली, तर तो तिथे वर्गातल्या मित्राबरोबर कॅरम खेळत बसलेला. शार्दूलने तिच्याकडे पाहिलं आणि ओळख न दाखवता पुन्हा सोंगटीकडे पाहिलं. तिने तांदूळ वाटून दाखवले, भांडी धुतली आणि पिशवी उचलून निघाली. रात्री जेवताना दोघांनीही तो विषय काढला नाही, आणि पुढे बावीस वर्षांत एकदाही काढला नाही. वसुमतीला त्याचा राग कधीच आला नाही. वाईट वाटलं होतं, ते मात्र खरं.

आता शार्दूल मोठा झाला, आयटीत लागला आणि बायकोला घेऊन सर्जापूर रोडला राहायला गेला. त्याच्यासाठी गच्चीवर बांधलेली खोली रिकामी पडली. एक खोली, कोपऱ्यात छोटा ओटा, न्हाणीघर आणि बाहेर तलावाकडून वारा येणारी गच्ची. वसुमतीचा दुकानातला शेवटचा दिवस झाला आणि तिसऱ्याच दिवशी तिने जाहीर केलं की ती खोली सुट्टीला येणाऱ्या लोकांना द्यायची आणि ती स्वतः चालवणार.

शार्दूलला कल्पना पसंत होती, पण 'स्वतः चालवणार' हे नव्हतं. त्याने एक कंपनी शोधून ठेवली होती. ती अशा खोल्या ताब्यात घेते, आपल्या ठरलेल्या यादीप्रमाणे सामान भरते आणि पाहुण्यांचं सगळं बघते.

"आई, तू आयुष्यभर राबलीस. आता फक्त सही कर आणि बस," तो म्हणाला.

"बसून काय करू?"

आर्याने, म्हणजे सुनेने, कंपनीची यादी मोबाइलवर दाखवली. मायक्रोवेव्ह, एअर फ्रायर, कॉफी मशीन, टोस्टर. वसुमतीने चष्मा लावून ती वाचली आणि परत दिली.

"ही यादी कोणी केली? ज्याने केली त्याने कधी भांडी घासलेली नाहीत."

मग तिने आपलं शहाणपण बाहेर काढलं. यंत्र कितीही भारी असो, ते वापरात आहे की नाही ते त्याच्यावरची धूळ सांगते. वर्षभराने दुसऱ्या कामासाठी त्याच घरी गेलं की ओव्हनमध्ये तवे रचून ठेवलेले दिसायचे. कॉफी मशीनवर क्रोशाचं झाकण असायचं आणि बाजूला पितळेच्या फिल्टरमधून कॉफी गळत असायची.

शिवाय, ती म्हणाली, यादी करण्याआधी भिंत बघायची. तिने टेस्टर काढला आणि ओट्यावरचे दोन्ही सॉकेट तपासले. मोठ्या पिनचा सॉकेट एकच होता. त्यावर मायक्रोवेव्ह चालेल नाहीतर इंडक्शनची शेगडी, दोन्ही नाही. पाहुणा एक्स्टेन्शन लावणार, वायर तापणार आणि बंगळुरू बघायला आलेली माणसं अंधारात बसणार. तेव्हा शेगडी. शेगडीवर दूध तापतं आणि भातही होतो.

खरेदीला ती आपल्याच जुन्या दुकानात गेली. पहिल्यांदाच काउंटरच्या या बाजूने. पर्समधून लोहचुंबक काढून तिने प्रत्येक पातेल्याच्या बुडाला लावून पाहिलं, कारण चुंबक चिकटला नाही तर ते भांडं इंडक्शनवर तापत नाही. फ्रिज चालू करायला लावून ती त्याला कान लावून उभी राहिली. एकाच खोलीत झोपायचं, तर फ्रिज घुरघुरणारा नको. केटल रुंद तोंडाची, पूर्ण हात आत जाईल अशी. विक्रेत्याने विचारलं, पाणी तापवायला एवढं मोठं तोंड कशाला? "अप्पा, लोक केटलमध्ये अंडी उकडतात," ती म्हणाली. "ती नंतर घासायची कोणी?" एक इस्त्री घेतली, कारण लग्नाला येणारा माणूस बॅगेत चुरगळलेली साडी घेऊनच उतरतो. आणि शेवटी मिक्सर. तीन भांड्यांचा, त्यातलं चटणीचं भांडं तिने चार वेळा झाकण लावून, काढून पाहिलं.

मिक्सरवरून घरात ठिणगी पडली.

"सुट्टीला आलेला माणूस चटणी वाटायला येतो का?" शार्दूलने विचारलं.

"मग पोट घरी ठेवून येतो का?"

"आई, मायक्रोवेव्ह नाही आणि मिक्सर आहे, अशी खोली अख्ख्या बंगळुरूत सापडणार नाही."

"तेच म्हणते मी."

वाद तीन रविवार चालला. शेवटी शार्दूलने तोडगा काढला. पहिल्या पाहुण्यांनी असं काही मागितलं जे खोलीत नाही, तर वसुमतीने कंपनीच्या कागदावर मुकाट्याने सही करायची. नाही मागितलं, तर तो पुन्हा कंपनीचं नाव काढणार नाही. वसुमतीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "सरी." सरी म्हणजे बरं, पण तिच्या तोंडी त्याचा अर्थ कमरेला पदर खोचला असा होता.

पहिले पाहुणे बेळगावचे निघाले. अनुषा नावाची चाळिशीची बाई आणि तिचे वडील विश्वासराव. शनिवारी दुपारी दोघं जिना चढून आले तेव्हा शार्दूल मुद्दाम हजर होता आणि कागद त्याच्या बॅगेत होता. विश्वासराव काठी टेकत एकेक पायरी चढले, पण कोणी हात पुढे केला की मान हलवून नको म्हणायचे. कॉलेजात असताना ते बंगळुरूला आले होते आणि त्यांना लालबाग पुन्हा एकदा बघायची होती.

वसुमतीने पंखा, गिझर, शेगडी दाखवली. अनुषाचं लक्ष नव्हतं. तिने बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेले सहा डबे फ्रिजमध्ये भराभर लावले आणि ओट्यावरून नजर फिरवली.

"काकू, मायक्रोवेव्ह नाही का?"

वसुमतीने शार्दूलकडे पाहिलं नाही, कारण तो कुठे बघत असेल ते तिला न बघताही माहीत होतं. पण दुकानात पहिल्याच आठवड्यात तिला एक गोष्ट शिकवली होती. गिऱ्हाइकाने काही मागितलं तर आहे की नाही ते नंतर, आधी विचारायचं की करायचं काय आहे.

"करायचंय काय तुम्हाला?" तिने विचारलं.

अनुषा जरा घुटमळली. मग हळू आवाजात सांगू लागली. बाबांना चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. चालणं सुधारलं, पण घास नीट गिळता येत नाही, सगळं अगदी मऊ वाटून द्यावं लागतं. त्यामुळे चार वर्षांत ते कुठेच गेले नाहीत. हॉटेलात वाटून कोण देणार? या खेपेला तिने तीन दिवसांचं जेवण घरीच वाटून, गोठवून आणलं होतं. ते गरम करायला मायक्रोवेव्ह हवा होता.

"खोलीची माहिती वाचली नाही का?" वसुमतीने विचारलं.

"घाईत फोटो पाहिले फक्त. गच्ची आवडली बाबांना."

वसुमती ओट्याच्या खालच्या कप्प्याशी वाकली आणि मिक्सर काढून वर ठेवला.

अनुषा त्याच्याकडे बघतच राहिली. वसुमतीला आता कोणाकडे बघायला वेळ नव्हता. तिने खालून आपल्या दुपारच्या जेवणातला वरणभात आणि दुधीची भाजी आणली आणि शेगडीवर वाफ येईपर्यंत गरम केली. मग थोडी निवू दिली आणि चटणीच्या भांड्यात अर्ध्यापर्यंतच भरली.

"बघा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. शार्दूलने हा आवाज नीट असा कधी ऐकलाच नव्हता. "भांडं गच्च भरायचं नाही. अन्न उकळतं असताना झाकण लावायचं नाही, उडतं. स्वल्प पाणी, एकदम नाही, चमचा चमचा. बटण सलग नाही फिरवायचं, असं, थांबत थांबत. आता झाकण काढा. दोन बोटांत घ्या. कण लागतो? लागतो ना? मग अजून एकदा. मोठ्या भांड्यात हेच एवढंसं अन्न कडेला उडून बसतं, पात्याला लागतच नाही. म्हणून हे लहान."

अनुषाने बोटांत घेऊन पाहिलं आणि मान डोलावली. वसुमतीने बटण तिच्या हातात दिलं आणि पुढचा घाणा तिच्याकडून करवून घेतला. डेमो संपला हे तिच्या लेखी तेव्हाच ठरायचं, जेव्हा समोरची बाई न विचारता योग्य वेळी यंत्र बंद करायची.

विश्वासराव टेबलाशी बसले होते. ताज्या वरणभाताचा पहिला चमचा त्यांनी तोंडात घेतला, सावकाश गिळला आणि दुसरा स्वतःच भरून घेतला. अनुषा ओट्याकडे तोंड करून डोळे पुसत होती. वसुमतीच्या छातीत अभिमान असा भरून आला, की तो लपवावा असंही तिला वाटलं नाही. सव्वीस वर्षांचं आपलं शिक्षण एका वाटीत मावलं होतं आणि वाटी रिकामी होत होती.

पण शब्द म्हणजे शब्द. ती गच्चीच्या दाराशी आली.

"मागितला त्यांनी मायक्रोवेव्ह," ती शार्दूलला हळूच म्हणाली. "मी हरले. काढ कागद, सही करते."

शार्दूल बॅगेचा पट्टा धरून उभा होता. त्याने बॅग उघडली नाही. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात आतून विश्वासरावांनी चमचा वाटीवर वाजवला. त्यांचं बोलणं अडखळत यायचं, पण शब्द स्पष्ट होते.

"अहो, या बाई... कुठल्या कंपनीच्या? फार छान शिकवतात."

वसुमती सवयीने दुकानाचं नाव सांगणार होती. शार्दूल तिच्या आधी आत गेला.

"कुठल्या कंपनीच्या नाहीत त्या," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा जास्तच मोठा लागला, बावीस वर्षं उशिरा निघाल्यासारखा. "ही माझी आई. खोली तिची आहे. यातली एकेक वस्तू तिने निवडलीय, आणि पुढेही तीच निवडणार."

दारात उभ्या वसुमतीला गंगानगरातला तो कॅरम आठवला. शार्दूललाही आठवला असावा, कारण तो तिच्याकडे बघत होता आणि या वेळी त्याने नजर वळवली नाही.

विश्वासरावांनी शार्दूलकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आई का? मग त्या उभ्या का?"

शार्दूलने ओट्याजवळची खुर्ची ओढली, हातानेच पुसली आणि टेबलाशी आणून ठेवली. वसुमतीने ओले हात पदराला पुसले आणि ती बसली.