बादलीतले मासे

बाबा गेल्यावर त्यांचं सोनागिरीचं घर आवरताना माळ्यावर पाण्याखाली बघायचा बाबांचा चष्मा सापडला. जुन्या रबराचा वास आला आणि मी लहानपणीच्या, पिपलानीतल्या कारखान्याच्या क्वार्टरच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

मी दहा वर्षांची होते. कारखान्याच्या एलटीसीवर, म्हणजे प्रवासखर्चाच्या सवलतीवर, आम्ही अंदमानला निघालो होतो. बाबांना पाण्यात उतरून पोवळी बघायची होती. होल्डॉल बांधून झाला आणि रेडिओवर सांगितलं, उपसागरात वादळ आहे, मद्रासहून जहाज सुटणार नाही. उन्हाळ्यातली रजा बाबांनी एका सहकाऱ्याला देऊन टाकली होती, त्याच्या बहिणीचं लग्न होतं म्हणून; नाहीतर आम्ही तेव्हाच जाऊन आलो असतो.

"तुमच्यामुळेच झालं हे!" मी ओरडले.

 थोड्या वेळाने बाबांनी अंगणात बादली भरली, चष्मा लावला आणि तोंड पाण्यात बुडवलं. वर येऊन म्हणाले, "अगं, ये लवकर! मासे दिसतायत, रंगीत!" केसांतून पाणी गळत होतं. शेजारच्या आंटी हसल्या. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

बाबांनी शेवटपर्यंत समुद्र पाहिलाच नाही.

काल मीच बादली भरली. चष्म्याचं रबर हातातच तुटलं. तरी तोंड बुडवलं, डोळे उघडे ठेवून. वर आल्यावर हाक मारायला घरात कुणी नव्हतं.